लॅम्बेथची पंगत, खानदेशातून पाहिलेली

खानदेशातल्या ख्रिस्ती घराचा पंथ बऱ्याचदा तालुक्यावरून ठरला. मिशनऱ्यांनी कामाचे इलाखे आपसांत वाटून घेतले होते आणि एकाने दुसऱ्याच्या हद्दीत शिरायचं नाही, असा संकेत होता. जळगाव, भुसावळ, चाळीसगावकडे अमेरिकेहून आलेलं अलायन्स मिशन, धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन, आणि भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात साहेबांच्या व अँग्लो-इंडियन नोकरदारांच्या इंग्रजी उपासना. आजोबा पांझरेकाठी राहिले की गिरणेकाठी, यावर नातवाची मंडळी कोणती हे ठरायचं. त्यामुळे जगभरच्या अँग्लिकन बिशपांची लॅम्बेथ परिषद भरते, तेव्हा तिथे ठराव कोणते झाले यापेक्षा मला एकच कुतूहल असतं: प्रभुभोजनाला कोण कोणाशेजारी बसलं?

पहिली परिषद 1867 च्या सप्टेंबरात लंडनच्या लॅम्बेथ राजवाड्यात, म्हणजे कँटरबरीच्या आर्चबिशपांच्या निवासस्थानी भरली. निमित्त होतं दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळच्या बिशप कोलेन्सोंच्या मतांवरून पेटलेल्या वादाचं. आर्चबिशप लाँग्ली यांनी आमंत्रणं धाडली, 76 बिशप आले, यॉर्कच्या आर्चबिशपांनी येणं नाकारलं. चार दिवसांत सगळं आटोपलं. सुवेझचा कालवा तेव्हा खुला व्हायचा होता, म्हणजे पूर्वेकडून जाणाऱ्याचे प्रवासातच महिने मोडायचे. परिषदेच्या ठरावांना कायद्याचं बळ तेव्हा नव्हतं, आजही नाही. पण साधारण दर दहा वर्षांनी भेटायचं, हा पायंडा पडला.

आपल्या भागाचा या परिषदेशी खरा संबंध आला तो एडविन जेम्स पामर यांच्यामुळे. ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजातले हे अध्यापक 1908 ते 1929 मुंबईचे बिशप होते. मूठभर ख्रिस्ती, त्यात दहा मिशनांची दहा दारं, हे चित्र त्यांनी जवळून पाहिलं. 1919 साली तरंगमबाडीला बिशप अझरायांच्या पुढाकाराने दक्षिण भारतात ऐक्याची बोलणी सुरू झाली, त्यात पामर पुढे अग्रभागी राहिले. 1920 च्या लॅम्बेथला 252 बिशप जमले आणि त्यांनी सर्व ख्रिस्ती लोकांना एक होण्याचं आवाहन केलं. त्या आवाहनामागेही पामर यांचा हात होता. 1929 मध्ये मुंबईतून नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत निघाला. तिथले पहिले बिशप फिलिप लॉइड नगर जिल्ह्यात मिशनरी म्हणून राबलेले होते.

पुढचा प्रसंग मात्र बोचरा आहे. 27 सप्टेंबर 1947 ला चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झालं. अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल एका छपराखाली आले. ज्या ऐक्यासाठी 1920 मध्ये आवाहन केलं, ते कोणीतरी खरोखर करून दाखवलं, आणि 1948 च्या लॅम्बेथला त्या मंडळीच्या बिशपांना आमंत्रणच नव्हतं! बिशपांच्या हस्तारोपणाविना सेवेत आलेले पाळक त्यांच्यात होते, हा आक्षेप. पंगतीचं बोलावणं द्यायचं आणि पाहुणा आला की पाट मांडायचा नाही, तसंच हे झालं. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात मुंबई आणि नाशिक हे धर्मप्रांत गेले. या एकत्रित मंडळ्यांचे बिशप परिषदेत पूर्ण सदस्य म्हणून बसले ते 1988 मध्ये.

मधल्या काळात परिषदेचं रोजचं जगणं पालटलं होतं. 1978 पासून ती कँटरबरीच्या केंट विद्यापीठात भरू लागली. त्याआधी दिवसभर चर्चा करून जो तो लंडनमधल्या आपापल्या मुक्कामी जाई. आता विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातली अरुंद खोली, एक पलंग, एक टेबल, आणि जेवायला हातात ट्रे घेऊन रांग. आपल्या गावी ज्याच्यासाठी लोक उठून उभे राहतात, त्या बिशपसाहेबांनाही ट्रे स्वतःच उचलावा लागतो.

या सहवासाचा कस 2008 ला लागला. समलिंगी संबंधांच्या प्रश्नावरून दोनशेहून अधिक बिशपांनी पाठ फिरवली होती. आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी ठराव आणि मतदान बाजूलाच ठेवलं. सकाळी मोठ्या तंबूत प्रभुभोजन, ते चालवायचं रोज वेगळ्या देशाच्या मंडळीने, आपापल्या भाषेत, आपापल्या गाण्यांनी. न्याहारीनंतर आठ-आठ जणांचा बायबल वर्ग, योहानाच्या शुभवर्तमानावर. असे पाच गट एकत्र आले की चाळिसांची बैठक. झुलू लोकांच्या गावसभेवरून तिला ‘इंदाबा’ म्हणत. प्रत्येकाने बोलायचं, निकाल लावायचा नाही. बिशपांच्या पत्नी-पतींची परिषद शेजारीच चालू होती. 24 जुलैला जांभळ्या झग्यांतले बिशप लंडनच्या रस्त्यांवरून दारिद्र्यनिर्मूलनासाठी चालले, पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन त्यांच्यापुढे बोलले.

वाद काही मिटला नाही. कोविडमुळे लांबलेली पुढची परिषद 2022 ला झाली, तेव्हा नायजेरिया, युगांडा आणि रवांडाचे बिशप आलेच नाहीत. आले त्यांच्यातही काहींनी, समलिंगी जोडीदार असलेल्या बिशपांसोबत प्रभुभोजन घ्यायला नकार दिला. भोजनगृहातल्या रांगेत सगळे एकत्र, वेदीपुढे मात्र नाही.

यावर खानदेशातल्या माणसाने नाक मुरडू नये. अलायन्सच्या मंडळ्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आजही वेगळ्याच आहेत. दोन मंडळ्यांत सोयरीक जुळते, लग्नात एकमेकांच्या घरी शेवभाजी आणि भरीत मनसोक्त खाल्लं जातं. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिनाला वेगवेगळ्या मंडळ्यांच्या बायका एकत्र बसतात. ते घडवणाऱ्या बहुधा महिला मंडळातल्याच असतात. प्रभुभोजनाचा रविवार आला की मात्र जो तो आपल्या दारी. पामर यांना शंभर वर्षांपूर्वी जे सलत होतं, ते आपल्याकडे निम्मंच सुटलंय. उरलेलं निम्मं सोडवायला लंडनच्या कुठल्या ठरावाची गरज नाही. एखाद्या रविवारी दोन पाळकसाहेबांनी आपापल्या मंडळ्या घेऊन एका वेदीशी यायचं ठरवलं, तर भुसावळातही ते होण्यासारखं आहे.