रक्त परततं तेव्हा

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपाने किल्लारी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. जखमींना घेऊन गाड्या उमरग्याच्या रस्त्याने सोलापूरच्या दवाखान्यांकडे धावू लागल्या. ढिगाऱ्यातून माणूस जिवंत निघाला की घरचे देवाला हात जोडतात. डॉक्टर मात्र तेव्हाच सावध होतात. पाय तासन्‌तास दगडाखाली चेपलेला असेल, तर खरा धोका दगड उचलल्यावर सुरू होतो.

लंडनच्या डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. जर्मन बॉम्बवर्षावात घराखाली गाडलेली माणसं बाहेर यायची, नीट बोलायची आणि काही दिवसांत दगावायची. एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी १९४१ साली अशा चार रुग्णांची हकिगत छापली. त्यांचा रोख मूत्रपिंडांवर होता. पण पायातून सुटलेलं रक्त शिरांवाटे हृदयाच्या उजव्या कप्प्यात येतं आणि तिथून थेट फुफ्फुसांत शिरतं. त्यातलं विष पहिल्यांदा झेलतं ते फुफ्फुस. जखम पायाला आणि दम छातीत कोंडतो, तो असा.

हे विष येतं कुठून? उत्तराचा मोठा धागा १९८१ साली हाती लागला. डी. नील ग्रेंजर, जो मॅककॉर्ड आणि त्यांचे सहकारी मांजराच्या आतड्याचा रक्तपुरवठा कमी करून पुन्हा पूर्ववत करत होते. सुपरऑक्साइड नष्ट करणारं एन्झाइम दिलं, तर इजा कमी व्हायची. म्हणजे रक्ताबरोबर परत आलेला प्राणवायूच उपाशी पेशींत विखारी रूप घेत होता! त्या ठिणगीने पांढऱ्या पेशी खवळतात, फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांना चिकटतात, भिंती पाझरू लागतात आणि हवेच्या जागी पाणी साचतं.

या विषावर उतारा ठरू शकेल असं एक भुलीचं औषध या गोष्टीत आडवाटेने आलं. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत इयन ग्लेन नावाचे जनावरांचे डॉक्टर नवं भूलद्रव्य शोधत होते. १९७३ साली उंदरांवर एक रेणू चालला. तो पाण्यात विरघळेना. विरघळवण्यासाठी जे तेलकट द्रव्य वापरलं, त्याने काही रुग्णांना गंभीर रिॲक्शन आल्या. प्रकल्प गुंडाळला जाण्याची वेळ आली होती. ग्लेन हटले नाहीत. सोयाबीन तेल आणि अंड्यातलं लेसिथिन घेऊन दुधासारखं इमल्शन तयार झालं आणि १९८६ मध्ये प्रोपोफॉल बाजारात आलं. ग्लेन यांना २०१८ साली लास्कर पुरस्कार मिळाला, तो भुलीसाठी. फुफ्फुसाचा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हता.

पण रेणूच्या रचनेत एक गंमत दडली होती. प्रोपोफॉल हे फिनॉल कुळातलं. तेलतुपाला खवट होऊ न देणारे रक्षक पदार्थ आणि ‘ई’ जीवनसत्त्व यांच्याशी त्याचं नातं. १९९२ साली ब्रिटिश संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवलं, की ते मोकाट मूलकांना, म्हणजे अशा विखारी रेणूंना, स्वतःचा हायड्रोजन देऊन शांत करतं. मग प्राण्यांवर प्रयोगांची रांग लागली. रक्त रोखून सोडल्यावर प्रोपोफॉल दिलेल्या प्राण्यांत फुफ्फुसाची सूज कमी दिसली. डेक्समेडेटोमिडीन या दुसऱ्या गुंगीच्या औषधानेही तसंच दाखवलं. ते सिम्पथेटिक मज्जासंस्थेचा लगाम ओढतं आणि दाहाचे रासायनिक निरोप मंदावतात.

माणसावर हे तपासण्याची संधी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत मिळते. मांडीला रक्त थांबवणारा पट्टा, म्हणजे टूर्निकेट, आवळतात, तास-दीड तासाने सोडतात. किल्लारीच्या दगडाची ही सौम्य, आखीव आवृत्ती. प्रोपोफॉलच्या गुंगीत रक्तातल्या इजेच्या खुणा कमी आढळल्या. खुणा कमी म्हणजे रुग्ण बरा, असं मात्र नव्हे. या क्षेत्रात उंदीर वाचवणारी औषधं पुष्कळ आहेत.

आणि गोष्ट इथेच वाकडी होते. झुरिचमध्ये २००९ साली फुफ्फुसाच्या शस्त्रक्रियेत तुलना केली, तेव्हा प्रोपोफॉलपेक्षा सेव्होफ्लुरेन या हुंगायच्या भुलीने दाह कमी राहिला. २०१९च्या मिरियाड चाचणीत हृदयाच्या बायपासचे ५४०० रुग्ण होते. हुंगायची भूल आणि प्रोपोफॉलसारखी शिरेतली भूल यांत वर्षभरातल्या मृत्यूंचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत टेबलाशी बसलेले भूलतज्ज्ञ त्यामुळे औषध निवडतात ते रुग्णाचा रक्तदाब, नाडी आणि श्वास पाहून. फुफ्फुसाचं रक्षण झालंच, तर ते वरकमाईत.