तुर्कस्तानातील हत्या : गोळीपूर्वीचा काळ

तुर्कस्तानात मारल्या गेलेल्या लेखक-पत्रकारांविषयी वाचताना मारेकरी कोण, या एकाच प्रश्नापाशी आपण थांबतो. धर्मशास्त्राच्या प्राध्यापिका बहरिये उचोक यांनी डोके झाकणे इस्लाममध्ये सक्तीचे नाही असे मांडले. १९९० साली पार्सलमधून आलेल्या बॉम्बने त्यांचा जीव घेतला. त्याच वर्षी, एकेकाळी मुफ्ती असलेले आणि पुढे नास्तिक झालेले तुरान दुर्सुन इस्तंबूलमध्ये गोळ्यांना बळी पडले. शोधपत्रकार उगुर मुमजू यांना १९९३ साली अंकारात मोटारीतील बॉम्बने ठार केले. हात निरनिराळे असतील. मला अधिक विचार करावासा वाटतो तो गोळी सुटण्यापूर्वीच्या काळाचा.

ह्रांत दिंक यांचेच पाहा. आर्मेनियन घरात जन्मलेला, इस्तंबूलच्या अनाथाश्रमात वाढलेला हा माणूस. १९९६ साली त्यांनी ‘आगोस’ साप्ताहिक सुरू केले, तेही तुर्की आणि आर्मेनियन अशा दोन्ही भाषांत. बहुसंख्यांशी बोलायचे तर त्यांना समजेल अशाच भाषेत. २००४ मध्ये ‘आगोस’ने छापले की, अतातुर्क यांची मानसकन्या आणि नामवंत लढाऊ वैमानिक सबिहा गोकचेन ही मुळात आर्मेनियन अनाथ मुलगी होती. लष्कराच्या मुख्यालयाने निषेधाचे पत्रक काढले. राष्ट्राने देव्हाऱ्यात बसवलेल्या मूर्तीचे कूळ कुणी विचारले तर काय होते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मग दिंक यांच्या एका लेखमालेतील रक्ताविषयीचे वाक्य उचलले गेले. तुर्काच्या ध्यासाने भिनलेले विष आपल्या रक्तातून काढून टाका, असे ते आर्मेनियनांना सांगत होते. न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनाही त्यात अपमान दिसला नाही. तरी ‘तुर्कत्वाचा अपमान’ केल्याबद्दल २००५ साली त्यांना सहा महिन्यांची स्थगित शिक्षा झाली, आणि पुढे वरिष्ठ न्यायालयाने ती कायम केली. तुरुंगात जावे लागले नाही. पण हा माणूस राष्ट्राचा वैरी आहे, असा सरकारी शिक्का त्यांच्या कपाळी बसला. बाकीचे काम कुणीही करू शकत होते.

१९ जानेवारी २००७ रोजी ‘आगोस’च्या दारात सतरा वर्षांच्या एका पोराने त्यांना गोळ्या घातल्या. चादरीखालून बाहेर आलेल्या बुटाच्या तळव्याचे भोक जगाने पाहिले. पकडलेल्या पोराच्या हाती तुर्की झेंडा देऊन पोलिसांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतले! कटाची खबर पोलिसांना आधीच होती. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१० मध्ये तसा ठपका तुर्की शासनावर ठेवला. पोलिसांच्या गुप्तवार्ता विभागाच्या दोन माजी प्रमुखांना जन्मठेप झाली, ती थेट २०२१ मध्ये. गोळी झाडणारा २०२३ मध्ये सुटला.

अंत्ययात्रेत मात्र प्रचंड लोटलेल्या जनसमुदायाच्या हाती फलक होते : ‘आम्ही सारे आर्मेनियन’. ज्या देशात हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, तिथे असंख्य तुर्कांनी तो स्वतःला लावून घेतला. हे मला फार मोलाचे वाटते.

प्रत्येक मृताच्या वाट्याला एवढे येत नाही. वयोवृद्ध कुर्द लेखक मुसा अंतेर यांना १९९२ साली दियारबकीर शहरात गोळ्या घालण्यात आल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये, तीस वर्षांची मुदत उलटली म्हणून, त्यांच्या खुनाचा खटलाच बंद करण्यात आला.