कुरणांच्या मुलखात हलाल मटण

मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघे मुलाकडे अमेरिकेतील मॉन्टाना राज्यात, मिझुला शहरी होतो. गुरे-मेंढ्यांचा मुलूख, जिकडेतिकडे कुरणे. तरी सूनबाईच्या फ्रीजमध्ये महिनाभर मटण नाही! हलाल दुकान जवळपास नव्हते.

शनिवारी जुन्या रेल्वे स्टेशनापाशी शेतकऱ्यांचा बाजार भरतो, १९७२ पासून. भाजीवाले बरेचसे मोंग, म्हणजे लाओसमधून निर्वासित होऊन आलेल्यांची कुटुंबे. हकलबेरी मात्र रानातून वेचून आणतात, आपल्या करवंदांसारखी. भाव ऐकून आम्ही खाली ठेवली.

नदीकडच्या दुसऱ्या बाजारात एक मेंढपाळ गोठवलेले मटण विकत होता. ‘कापले कसे?’ आम्ही विचारले. तो रागावला नाही. विक्रीचे मटण निरीक्षक असलेल्या कत्तलखान्यातूनच यावे लागते, आणि तिथे जनावराला सहसा आधी बेशुद्ध करतात, असे त्याने सांगितले. मात्र जिवंत जनावर विकत घेऊन स्वतः कापले, तर त्या तपासणीची अट नाही. ते विकायचे नाही. घरच्यांनी आणि पाहुण्यांनी खायचे. धार्मिक पद्धतीच्या जबीहाला तिथल्या १९५८ च्या कायद्यातही मान्यता आहे.

पुढच्या रविवारी त्याच्या कुरणावर गेलो. मुलाने कधी सुरी धरली नव्हती. ‘अब्बा, तुम्हीच करा,’ म्हणाला. आम्ही कोकराला आधी पाणी पाजले, सुरी त्याच्या नजरेआड ठेवली, मग मुलाचा हात आमच्या हातात घेतला आणि दोघांनी मिळून ‘बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर’ म्हटले. मेंढपाळ टोपी काढून बाजूला उभा होता.

रात्री सूनबाईने सालन केले. मेंढपाळालाही बोलावले होते. येताना त्याने हकलबेरीची बरणी आणली.