मुलगा दुसऱ्यांदा सापडला म्हणून पाठ फिरवू नका

मुलगा पहिल्यांदा चोरीत सापडला की आई-बाप धावतपळत पोलीस ठाणे गाठतात. तोच मुलगा पुन्हा सापडला की बाप म्हणतो, "राहू दे आत, तिथंच सुधारेल." वस्तीत काम करताना आम्ही हे नेहमी ऐकतो. बापाचा संताप खोटा नाही. रोज बुडतो, चारचौघांत मान खाली जाते. पण घरच्यांची खरी गरज याच वेळी असते.

२०१५ चा बाल न्याय कायदा १८ वर्षांखालील प्रत्येक मुलाला लागू आहे, मग तो पहिल्यांदा सापडलेला असो की तिसऱ्यांदा. त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावेच लागते. आई-वडिलांना कळवणे बंधनकारक आहे. वकील मोफत मिळतो.

आता जामिनाचे पाहू. कलम १२ प्रमाणे गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, जामीनदार मिळो वा न मिळो, मुलाला सोडणे हा नियम आहे. नकाराची कारणे तीनच : सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्या जिवाला, मनाला किंवा नीतीला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल. 'पुन्हा सापडला' हे कारण त्यात नाही. मात्र दुसऱ्या खेपेला संगतीचाच प्रश्न पुढे येतो, आणि घरचे कोणी हजर नसेल तर त्याला उत्तर देणार कोण?

म्हणून मोकळ्या हाताने जाऊ नका. शाळेचा जन्मतारखेचा दाखला न्या. तो नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला न्या. सुटल्यावर मुलगा कुठे राहील, ती टोळी कशी सुटेल, शाळा की कामाचे शिक्षण, हे ठरवून सांगा. गावी मामा किंवा आत्या सांभाळणार असेल तर त्यांनाच सोबत आणा. परिवीक्षा अधिकारी दोन आठवड्यांत घरचा अहवाल देतात. त्यांच्यापासून दारू, कर्ज, सुटलेली शाळा लपवू नका. मुलगा पुन्हा का घसरला, हे त्यावरूनच मंडळाला कळते.

जामिनाची अट सात दिवसांत पुरी झाली नाही, तर मुलाला पुन्हा मंडळापुढे आणून अट बदलून घेण्याची तरतूद आहे. पैशावाचून मुलगा निरीक्षणगृहात अडकून पडू नये, यासाठीच ती आहे.

आणखी एक. पोरावर 'सराईत' असा शिक्का वस्तीनेही मारू नये. निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनाही उघड करता येत नाही. कायदा जे विसरायला तयार आहे, ते आपण शेजाऱ्यांनी उगाळत का बसावे?