पोर्ट सीची तिसरी पिन

पवईच्या आयआयटीतल्या ई-यंत्र प्रकल्पामुळे इंजिनिअरिंगच्या पोरांच्या हाती आलेला ‘फायरबर्ड फाइव्ह’ हा दोन चाकांवर पळणारा गोल रोबो. त्याचा कारभार एटमेगा २५६० ही चिप पाहते. शंभर पायांची चिप; त्यातले ८६ पाय प्रोग्रामच्या हुकमात, बहुतेक आठाआठाच्या गटांत. हा गट म्हणजे पोर्ट.

प्रत्येक पोर्टला तीन रजिस्टरं. डीडीआरमध्ये १ लिहिला की पिन आउटपुट, ० लिहिला की इनपुट. पोर्ट रजिस्टरमधून आउटपुट चालू-बंद होतं. पिन रजिस्टर वाचलं की पायावर प्रत्यक्ष काय आहे ते कळतं. एवढंच व्याकरण. खरी गंमत शेजाऱ्यांची आहे.

या रोबोचा बझर पोर्ट सीच्या तिसऱ्या पिनवर आहे. मोजणी शून्यापासून, म्हणून तिची किंमत ८. नवशिका बिनधास्त ‘पोर्टसी = ८’ लिहितो. बझर वाजतो, पण उरलेले सातही पाय शून्य होतात, आणि नेमक्या त्याच सातांवर एलसीडीच्या तारा आहेत. म्हणून ‘पोर्टसी |= ८’ लिहायचं; बंद करताना ‘पोर्टसी &= ~८’. आपला बिट हलवा, बाकीच्यांना हात लावू नका. सी भाषा शिकवताना हे पहिल्याच तासाला सांगावं, असं माझं ठाम मत आहे. बेरजा-वजाबाक्यांचे प्रोग्राम नंतरही होतील.

शहापूर-मुरबाडकडे मात्र रोबोपेक्षा पाण्याची टाकी जवळची. भातसा, तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात शहापूरचे पाडे टँकरची वाट पाहतात. तिथे टाकी ओसंडून वाहणं परवडत नाही. म्हणून तीच चिप टाकीच्या पंपावर बसवायची. पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली होणाऱ्या फ्लोट स्विचची एक वायर पिनला, दुसरी ग्राउंडला. पिन इनपुट ठेवून पोर्टमध्ये १ लिहिला की चिपच्या आतला पुल-अप रोध जोडला जातो: संपर्क जुळला की ०, सुटला की १. आधी उलटं वाटतं, पण सोय त्यातच आहे. टाकी रिकामी असताना संपर्क जुळेल असा फ्लोट लावला, तर उंदराने वायर कुरतडली तरी पिन १ वाचते आणि पंप बंद राहतो. संपर्क जुळताना काही मिलिसेकंद थरथरतो, तेव्हा थोडं थांबून पुन्हा वाचायचं.

पंपाकडचं काम वेगळं. पाच व्होल्टच्या साध्या रिलेची कॉइल साधारण ७० मिलिअँपिअर खाते. पिनकडून २० च्या वर मागू नये. मध्ये ट्रान्झिस्टर, कॉइलवर उलटा डायोड, आणि मोठ्या मोटरीला रिलेच्या पुढे कॉन्टॅक्टर.

आणखी एक गोष्ट कोडमध्ये दिसत नाही. लाइट गेली-आली की चिप रीसेट होते आणि डीडीआर भरेपर्यंत सगळ्या पिना इनपुट, म्हणजे अधांतरी असतात. तेवढ्यात रिले खट्टकन ओढली जाऊ नये म्हणून ट्रान्झिस्टरच्या बेसपासून ग्राउंडला दहा किलोओहमचा एक रोध लावतात. किंमत रुपया-दोन रुपये.