पाखाडीखाली अडलेली खुर्ची

रत्नागिरीजवळच्या एका वाडीत, पडवीच्या कोपऱ्यात एक व्हीलचेअर पाहिली होती. तिच्यात नारळाची सोडणं रचून ठेवलेली. मुलगा नऊ वर्षांचा, खुर्ची थोराच्या मापाची. घरापासून रस्त्यापर्यंत जांभ्या दगडाची उंच पाखाडी. त्याची आई त्याला कडेवर घेऊनच ती चढायची. खुर्ची देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. पण मुलाचं माप कुणी घेतलं नव्हतं आणि ती पाखाडी कुणी चढून-उतरून पाहिली नव्हती.

दिव्यांग मुलांसाठी काम करायला एकट्यानं परदेशी जाऊ पाहणाऱ्याची तयारी मला इथूनच सुरू व्हावीशी वाटते. नेपाळचंच घ्या. विमानानं जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, व्हिसा लागत नाही. पाट्या देवनागरीत. आणि डोंगरउतारावरची, पायऱ्यांनी जोडलेली घरं कोकणी माणसाला सांगावी लागत नाहीत. काठमांडूच्या पूर्वेला बनेपा इथं अपंग मुलांचं मोठं रुग्णालय आणि पुनर्वसन केंद्र आहे, डॉ. अशोक बाँस्कोटा यांनी ते काम १९८५ मध्ये उभं केलं. तिथल्या शल्यचिकित्सेत आपला उपयोग नाही. मूल घरी परतल्यावर जे लागतं, त्यात मात्र आहे.

ते शिकायला रत्नागिरी सोडावी लागत नाही. आविष्कार संस्थेचं सविता कामत विद्यामंदिर इथंच आहे. अशा एखाद्या शाळेत परवानगी घेऊन, शिक्षकांच्या हाताखाली काही महिने घालवावेत. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला भरवताना त्याची मान मागे गेली तर घास श्वासनलिकेत उतरू शकतो. म्हणून मूल ताठ, हनुवटी किंचित खाली. पुस्तकात वाचून हे हाताला येत नाही. खुर्चीचं मापही तसंच. शिंप्याची टेप घ्यायची, मुलाला सरळ बसवायचं. नितंबांची रुंदी, नितंबापासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतची लांबी, लवणीपासून टाचेपर्यंतची उंची. बैठक लवणीच्या दोन-तीन बोटं अलीकडेच संपली पाहिजे. नाहीतर मूल पुढे घसरतं, पाठ वाकते, जखमा होतात.

डॉ. शरदकुमार दीक्षितांचं उदाहरण आपण मराठी माणसांनी विसरू नये. अमेरिकेत स्थायिक झालेले हे प्लास्टिक सर्जन १९६८ पासून भारतात येऊन दुभंगलेल्या ओठांच्या मुलांवर मोफत शस्त्रक्रिया करत. १९७८ च्या अपघातानं शरीराची उजवी बाजू लुळी पडली, पुढे स्वरयंत्राच्या कर्करोगानं आवाज गेला, तरी येणं थांबलं नाही. २००१ मध्ये पद्मश्री मिळाली, २०११ मध्ये ते गेले. पण हे काम एकट्याचं नव्हतं. शिबिरासाठी मुलं गोळा करणं, तपासणं, त्यांची राहायची सोय हे सगळं इथल्या संस्था आधीच उभं करून ठेवत.

म्हणून यजमान संस्थेचं लेखी पत्र आधी हवं. पर्यटक म्हणून जाऊन विनामोबदला काम करणंही अनेक देशांत नियमाबाहेरचं ठरतं. नियम संस्थेकडूनच विचारून घ्या. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला घ्या. जी संस्था तो मागत नाही आणि पहिल्याच दिवशी तुम्हाला मुलांमध्ये सोडते, तिथं जाऊ नका. नेपाळमधल्या अनाथालयांतल्या कितीतरी मुलांचे आईबाप हयात आहेत. पाहुण्यांच्या देणग्यांपायी त्यांना घरापासून तोडलं गेलं. फोटोंचंही तेच. आईबापांना विचारल्याशिवाय मोबाइल खिशातून काढूच नये.

अपंगत्वाच्या ओळखपत्रांचे रंगही पाठ करा. आपल्याकडे सर्वांत तीव्र गटाला निळं कार्ड मिळतं, नेपाळमध्ये लाल. तिथलं निळं त्याखालोखाल. ही गफलत झाली तर आईला चुकीच्या टेबलासमोर रांगेत उभं राहावं लागेल.

सामान बांधण्याआधी तिकडे एक फोन करून विचारा: तुमच्या गावात कुठल्या मापाचं टायर मिळतं, पंक्चर कोण काढतो, आणि मुलाच्या घरापर्यंत पायऱ्या किती?