पुली छोटी केली, पण पेट्रोलचं काय?

2003 ची फोर्ड मस्टँग कोब्रा घ्या. 4.6 लिटरचं व्ही-8 इंजिन, वर ईटनचा सुपरचार्जर, कंपनीतूनच 390 हॉर्सपॉवर. अमेरिकेतले हौशी लोक पहिलं काम काय करतात? सुपरचार्जरची पुली छोटी बसवतात. तो जास्त वेगाने फिरतो, बूस्ट वाढतो. खर्च त्यामानाने किरकोळ!

पण हवा वाढली की पेट्रोलही त्या प्रमाणात वाढायला हवं. इंजेक्टर आणि पंप कमी पडले तर नॉकिंग सुरू होतं, पिस्टन वितळूही शकतो. त्यात दाबलेली हवा गरम, म्हणजे इंटरकूलरवरही ताण. (फोर्डने आत फोर्ज्ड रॉड-पिस्टन दिले होते, म्हणून ही गाडी बरंच सोसते. सगळ्याच सोसत नाहीत.)

तुम्ही जाहिरातीवर पैसे ओतून ऑर्डरी दुप्पट करायला निघालाय ना? आधी सांगा, पॅकिंगला माणसं किती आहेत?